पस्तिसातली दोन भोकं

६ जानेवारी, शनिवार. सायं. ५.४०
नव्या वर्षाचे संकल्प. एक : आपल्या राज्याच्या राजधानीत, कोलंबियाला, आमदारांपुढच्या सुनावणीत तीन मिनिटं बोलून परमिटचा कायदा वाचवणे. दोन : उकडलेल्या शेंगा कमी करणे. तीन : क्लासच्या कपाटातला तिसरा ड्रॉवर आवरणे.

आमदारांच्या डोक्यात आलंय की पिस्तूल कमरेला लावून हिंडायला आता परमिट नको. म्हणजे क्लास नको, परीक्षा नको. म्हणजे मी नको. (माझा प्रश्न नाही. प्रश्न सुरक्षिततेचा आहे.)

पोटासाठी एसी दुरुस्त करतो. पिस्तुलाचं सगळं मात्र स्वतः वाचून शिकलो, कोणाच्या पाया पडलो नाही. एकोणीस वर्षं दर शनिवारी फायर स्टेशनच्या हॉलमध्ये आठ तासांचा क्लास. शेवटी मागच्या मातीच्या बांधावर परीक्षा : पन्नास गोळ्या, त्यातल्या पस्तीस कागदावरच्या आकृतीत. चौतीस म्हणजे घरी जा. प्रत्येक भोकात पेन्सिलीचं टोक घालून दोनदा मोजतो.

आजचे विद्यार्थी : चार. एकूण : ९१०. अपघात : शून्य.

९ जानेवारी
भाषण रुथॲनला वाचून दाखवलं. अकरा मिनिटं वीस सेकंद. बायको म्हणाली, त्यातले "मी" काढ, बसेल तीन मिनिटांत. काढून पाहिले. चाळीस सेकंदांचं भाषण उरलं. परत घातले.

मी झोपेत आकडे मोजतो, असंही म्हणाली. एकदोनतीन छान जातोस, तेहेतीसला अडकतोस, पुढे का नाही जात? पार्ट नंबर असेल म्हणालो.

तिसरा ड्रॉवर उघडला नाही. दमट हवेनं लाकूड फुगलंय.

१० जानेवारी
ड्रॉवर लोखंडी आहे. कालची नोंद दुरुस्त समजावी.

१३ जानेवारी, शनिवार
शेजारचा ड्यूई हॅचेल क्लासला न बसता शेंगा खायला आला. म्हणे, चर्चला जायला परमिट लागतं का? तोंड उघडायला लागतं का? तुझं तोंड तर एकोणीस वर्षं बिनपरमिटचं चालू आहे, लॉनी. मग देवानं दिलेल्या हक्कावर तुझा शिक्का कशाला?

म्हणालो, तोंडातली गोळी दारातून आरपार जात नाही.

दारातून का म्हणालो, कळलं नाही. ड्यूई सालं टोपीत गोळा करत बसला. मग हळू आवाजात म्हणाला, माझी पोरगी नर्स आहे, तिचा आधीचा नवरा हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये उभा असतो. तिला काय सांगू, शनिवारपर्यंत थांब, मग कागद येईपर्यंत थांब?

मुद्दा चांगला होता. म्हणून त्याला पाणी आणून दिलं.

विद्यार्थी : दोन. एकूण : ९१२. अपघात : शून्य.

२० जानेवारी
किराणा दुकानात मिस व्हर्लीन गॅस्किन्स दिसल्या. मी पटकन कुत्र्यांच्या खाण्याच्या रांगेत वळलो. नुसतं उभं राहणं बरं दिसेना, म्हणून दोन डबे घेतले.

एकदा नीट लिहून टाकतो, म्हणजे विषय संपेल. मिस व्हर्लीन शाळेच्या स्वयंपाकघरात होत्या. अकरा वर्षांपूर्वी माझ्या क्लासला आल्या. नवरा ओडेल ट्रक घेऊन आठवडा आठवडा बाहेर, बाईंना एकटीला भीती. परीक्षेत तेहेतीस लागल्या. परत पाठवणं जिवावर आलं. शिवाय त्या वर्षी माझा एकही विद्यार्थी नापास नव्हता. दोन भोकं आकृतीच्या रेघेला बाहेरून अगदी लागून होती. (लागून म्हणजे एक इंच. सव्वा.) पस्तीस लिहिलं आणि म्हणालो, मिस व्हर्लीन, तुम्ही तयार आहात.

नऊ आठवड्यांनी ओडेल एक दिवस आधी परतला. स्वयंपाकघराच्या दाराशी खिशात किल्ली चाचपत होता. बाईंनी बंद दारातूनच गोळी झाडली.

शेरिफनं अपघात लिहिला. आणि आपल्या राज्यात घरातल्या पिस्तुलाला परमिट तेव्हाही लागत नव्हतं, तेव्हा माझ्या कागदाचा याच्याशी काडीचाही संबंध नाही. कलम मी अनेकदा वाचलंय. क्लासच्या वेळेत घडलं नाही, त्यामुळे आपल्या गणतीत येत नाही.

विषय संपला.

२६ जानेवारी
टिमन्सांच्या घरी हीटर. स्वयंपाकघराचं दार उघडंच होतं, तरी पूर्ण वळसा घालून पुढच्या दारानं गेलो आणि तीनदा मोठ्यानं नाव सांगितलं. टिमन्स म्हातारा म्हणाला, अरे, तुला मीच बोलावलंय, पाद्री असल्यासारखा काय घोषणा करतोस! त्याला शिष्टाचार म्हणजे काय ते समजावलं.

कुत्र्याचे डबे आता सहा. रुथॲननं विचारलं, कुत्रा कुठाय? म्हणालो, विचार चालू आहे.

१ फेब्रुवारी, गुरुवार. कोलंबिया
भाषण बरोबर दोन मिनिटं अठ्ठावन्न सेकंदांचं करून आणलं. गाडीत बसतो तर मागच्या सीटवर मिस व्हर्लीन, मांडीवर पर्स. रुथॲन म्हणाली, अरे, त्यांनाही बोलायचंय, तुझ्याच बाजूनं. दीड तास आरशात त्यांचं कपाळ. मी आरसा फिरवला, तर माझं दिसायला लागलं.

भाषण उत्तम झालं. नऊशे बारा विद्यार्थी, अपघात शून्य, हे वाक्य तर दोनदा घेतलं.

मग मिस व्हर्लीन. माइक त्यांना उंच पडत होता, कोणी खाली केला नाही. त्या म्हणाल्या, माझ्या हातून माझा नवरा गेला. तरी सांगते, परीक्षा राहू द्या. मी परीक्षा पास झाले होते, एवढ्या एका गोष्टीवर मी अकरा वर्षं सकाळी उठते. मी काही बेजबाबदार बाई नव्हते. पस्तीस लागल्या होत्या. लॉनी टिसडेलनं स्वतः दोनदा मोजल्या.

एक आमदार चष्मा काढून म्हणाला, बाई, तुमचं दुःख मोठं आहे, पण तुमच्याच बोलण्यावरून विचारतो : शिकलेल्या, पास झालेल्या माणसाच्या हातून हे होत असेल, तर परमिटनं अडवलं कोणाला? मग माझ्याकडे वळला. म्हणे, मिस्टर टिसडेल, पस्तीस बरोबर आहेत ना?

म्हणालो, पस्तीस, सर.

बाई वळून माझ्याकडे बघत होत्या. रागानं नव्हे. दुकानात वजनकाट्याकडे बघतात तसं.

परतताना शेंगा घेतल्या, पण सोलता येईनात.

३ फेब्रुवारी
काल दिवसभर विचार केला. सुनावणीत खोटं बोललो असं म्हणता येणार नाही. कागदावर पस्तीसच लिहिलंय. कागदाप्रमाणे सांगितलं. संकल्प : बाईंना एकदा भेटून सगळं स्पष्ट करणे. सोमवारी.

५ फेब्रुवारी, सोमवार
पाऊस.

१९ फेब्रुवारी, सोमवार
पाऊस नव्हता, पण येईलसं वाटत होतं. डबे : चौदा.

७ मार्च, गुरुवार
राज्यपालांनी सही केली. बिनपरमिटचा नवा कायदा आजपासूनच लागू. ड्यूईच्या पोरीनं पर्समध्ये पिस्तूल ठेवलं. तो सांगायला आला, पण चेहरा आनंदाचा नव्हता. म्हणाला, तिनं आयुष्यात कधी गोळी झाडलेली नाही, लॉनी. तू एकदा दाखवशील का तिला? परमिट नको, नुसतं दाखव.

हो म्हणालो. मग तो हसून म्हणाला, तू तयार म्हणशील, तेव्हाच मी तयार म्हणेन.

शेंगांचं अख्खं भांडं त्याला देऊन टाकलं. संकल्प क्रमांक दोन.

९ मार्च, शनिवार
विद्यार्थी : नाही. पीचच्या छाटणीचे दिवस आहेत. लोक कामात.

१६ मार्च, शनिवार. सायं. ४.१५
नऊला हॉल उघडला. वीस खुर्च्या मांडल्या. नऊ वाजून दहा मिनिटांनी मिस व्हर्लीन आल्या. मागच्या दारानं. न ओरडता.

मी दचकलो, ते त्यांनी पाहिलं. म्हणाल्या, अरे, मीच आहे.

पहिल्या रांगेत बसल्या. क्लास घ्यायचा आहे का, विचारलं. नको म्हणाल्या, हातात पिस्तूल आता या जन्मात नाही. तो माझ्या परीक्षेचा कागद असेल ना तुझ्याकडे? तू काही टाकत नाहीस.

तिसरा ड्रॉवर एका ओढीत उघडला.

कागद त्यांनी टेबलावर पसरला. पेन्सिल मागितली. एकेका भोकात टोक घालून मोजायला लागल्या, मी शिकवलं होतं तस्संच. मोठ्यानं. तेहेतीसला थांबल्या.

माझ्याकडे उत्तर तयार होतं. रेघ, रेघेची जाडी, कागद ओला होता. तोंडापर्यंत आलं.

त्या म्हणाल्या, त्या दिवशी तू पाठ फिरवून लिहीत होतास ना, तेव्हा मी लांबून भोकं मोजली होती. तेहेतीसच आली. मग म्हटलं, हा माणूस भोकात पेन्सिल घालून मोजतो, याला दिसतंय ते आपल्याला दिसत नसेल. अकरा वर्षं मी ती दोन भोकं शोधतेय, लॉनी. कुठं आहेत, दाखव.

म्हणालो, नाहीत.

त्यांनी कागद हातानं सपाट केला. मग पेन्सिल माझ्या बाजूला सरकवली आणि उठल्या. घरी जागा नाही म्हणून मी हॉलच्या दाराशी रचलेले ते डबे त्यांना दिसले. विचारलं, कुत्रा पाळलास? नाही म्हणालो. म्हणाल्या, मग त्या रांगेत तूच असायचास तर. मला वाटायचं, तुझ्यासारखा दिसणारा कोणीतरी आहे.

डबे न्या म्हणालो. त्यांच्याकडे कुत्रा नाही.

त्या गेल्यावर कागदावर पस्तीस खोडून तेहेतीस लिहिलं, सही केली, आजची तारीख घातली. ड्यूईला फोन करून सांगितलं, पोरीला दुसऱ्या कोणाकडे ने. का, म्हणाला. सगळं सांगितलं. त्यानं फोन ठेवला की लाइन कटली, कळलं नाही.

विद्यार्थी : नाही. एकूण : ९१२.
अपघात : एक.