बाईसाहेबांचे अकरा ओंडके

वाय्यादोलिद,
३ मार्च १९७४

चि. फिदेलिया हीस सेनोबियोदादाचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

बाबांच्या डोळ्यावरची पट्टी गुरुवारी सुटणार हे कळलं. मेरिदाच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंना ते मक्याची पेज कशी ढवळावी हे शिकवतात म्हणे, म्हणजे तब्येत सुधारली.

तुम्ही दोघं तिकडे असताना मी एक उद्योग केलाय. बाबांना सांगू नकोस, त्यांना नव्या डोळ्यांनीच पाहू दे. गेल्या रविवारी दोन गवंडी घेऊन गावी गेलो. मधमाश्यांच्या झोपडीवर ताज्या झावळ्या घातल्या. माश्या राहतात ते अकराही पोकळ ओंडके खाली उतरवले आणि अंगणात लोळवत लोळवत चहूबाजूंनी निळसर चुन्याचे दोन-दोन हात दिले. पुन्हा रचताना प्रत्येकाचं भोक समोर आलंय ना, हे मी स्वतः वाकून पाहिलं. आता झोपडी माझ्या रंगाच्या दुकानासारखी लख्ख दिसते. एका गवंड्याने विचारलं, की या माश्यांना नांगीच नाही, मग इथे धाक कोणाला? मी म्हटलं, आमच्या बाबांना. ते त्यांना बाईसाहेब म्हणतात आणि पुढ्यात जाताना टोपी काढतात.

लोभ आहेच, त्यात भर पडू दे.
तुझा दादा

काबिल्चे,
१९ मार्च

ती. दादास फिदेलियाचा नमस्कार. वि. वि.

बाबांना छान दिसतं. आल्या आल्या झोपडीपाशी गेले. मग एकेका ओंडक्यावरून हात फिरवत गेले. वरची बाजू कोणती ते कळावं म्हणून भोकावर त्यांनी फुल्या कोरल्या होत्या. त्या चुन्यात बुजल्या. भोक समोर असून काय उपयोग? डावं टोक उजवीकडे गेलं की ओंडका उलटाच बसतो. आणि तू तर लोळवलेसच. आत एकेका घरट्यात पातळ खाण्यावर एकेक अंडं तरंगत असतं, ओंडका फिरला की ते बुडतं. लहानपणी तुझ्या हातून एक निसटला होता तेव्हा तू दोन दिवस जेवला नव्हतास, असं आई सांगायची.

मी आठ उघडून पाहिले. आंबूस वास येतो. बाबा मेलेल्या माश्या वेचून रामोनच्या झाडाच्या पानात गुंडाळतात आणि झोपडीमागे पुरतात. तुझ्याबद्दल एक अक्षर काढत नाहीत, कारण बाईसाहेबांच्या कानावर घरचं भांडण जाऊ द्यायचं नसतं. मलाही काढू देत नाहीत. म्हणून मी विहिरीवर जाऊन तुला शिव्या घातल्या. शेजारच्या काशिमिरामावशीने विचारलं, की बाई, पाणी काढतेयस की भावाची साल?

माया असू दे, मीही ठेवायचा प्रयत्न करते.
फिदेलिया

वाय्यादोलिद,
२५ मार्च

चि. फिदेलियास आशीर्वाद.

तुझं पत्र गल्ल्यावर उभ्याने वाचलं आणि गिऱ्हाइकाने खिळे मागितले असता कड्या दिल्या. आधी राग आला, तोही तुझाच. विसरलो होतो असं लिहिणार होतो, पण ते खरं नाही. पहिला ओंडका फिरवताना हात थबकला होता. गवंडी तोंडाकडे पाहत होते, उजेड जायच्या आत काम उरकायचं होतं. मनाशी म्हटलं, म्हाताऱ्यांच्या समजुती आहेत झालं. मग दुसरा फिरवला.

तीन गावं हिंडलो, बाबांसाठी नवे ओंडके आणावेत म्हणून. एका म्हाताऱ्याने बसायला पाट दिला, पेज दिली, आणि आधीच्या कुठे गेल्या असं विचारलं. पेज तशीच ठेवून उठलो. काय करू ते बाबांना विचारून कळव.

तुझा
सेनोबियो

काबिल्चे,
२१ एप्रिल

ती. दादास नमस्कार.

दहा गेले. नासक्या वासावर चिलटं आली, त्यांनी उरलंसुरलं संपवलं. एकच राहिलाय, आईने माहेरून आणलेला. बाबा दिवसभर त्याच्याशी बसतात, जेवणाचं नाव काढत नाहीत. त्यांना ऐकू येत नाही, म्हणून रोज सकाळी मला कान लावायला सांगतात. गुणगुण आहे म्हटलं की दोन घास खातात. काल म्हणाले, की सेनोबियोचे कान तिखट, त्याला बोलाव.

क्षमा वगैरे मागत बसू नकोस. नुसता ये.
फिदेलिया

वाय्यादोलिद,
३० एप्रिल

चि. फिदेलियास आशीर्वाद.

गावी आलो तेव्हा बोलता आलं नाही ते लिहितो. मी ओंडक्याला कान लावला तेव्हा तुझा पाटा ऐकू आला, कोंबड्या ऐकू आल्या, मावशीचा रेडिओसुद्धा. आतून काही नाही. बाबा माझ्या तोंडाकडे टक लावून होते. मी म्हटलं, आहेत, आवाज बारीक आहे पण आहेत. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि तुझ्याकडे भाकरी मागितली. तीन खाल्ल्या.

तू रोज काय ऐकत होतीस? माझे कान गेले असतील तर तसं सांग, मला बरं वाटेल.

तुझा दादा

काबिल्चे,
१२ मे

ती. दादास नमस्कार.

बाबांना माती देऊन तू परत गेलास, त्यानंतर घर आवरलं. तुझे कान शाबूत आहेत. तू यायच्या आधीपासून, इस्टरपासूनच मला काही ऐकू येत नव्हतं. मी रोज आहे म्हणत होते.

मालक गेला की तिसऱ्या दिवशी घरच्यांनी जाऊन बाईसाहेबांना सांगायचं असतं, नाही तर त्या निघून जातात. मी गेले. बाबांचं पूर्ण नाव घेऊन म्हटलं, हिलारियो पोत गेले, आता तुमचं मी पाहीन. मग थोडा वेळ थांबायचं असतं, तशी थांबले. काशिमिरामावशी कुंपणावरून म्हणाली, की अगं, आत कोण आहे ऐकायला? मी म्हटलं, सांगायचं असतं.

पण हे काम थोरल्याचं. मी माझ्यापुरतं सांगितलं, तुझं राहिलंय. रविवारी दुकान बंद ठेव आणि ये. लांबून उभ्याने सांगू नकोस, भोकाशी वाकून हळू सांग. त्यांना मोठ्याने बोललेलं खपत नाही.

तुझी
फिदेलिया