वरचं पाणी स्वच्छ होतं

३ मार्च

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमच्या कारखान्यातल्या जखमेवरच्या पावडरीबद्दल मी दिलेला अहवाल चुकला आहे. तो कुणालाही दाखवू नका.

जस्ताच्या ऑक्साइडची ती नॅनो भुकटी मी रक्तात कालवली होती. लाल पेशी फुटल्या की त्यांचा रंग पाण्यात उतरतो. नळी यंत्रात गरगर फिरवली की गाळ खाली बसतो, मग वरचं पाणी किती लाल ते मोजायचं. पाणी स्वच्छ होतं, म्हणून ‘रक्ताला अपाय नाही’ असं लिहून मी सही केली. परवा राहवलं नाही म्हणून आधीच फोडलेल्या पेशींच्या लालभडक पाण्यात तीच भुकटी टाकली. फिरवल्यावर तेही स्वच्छ! भुकटी रंग स्वतःच पिऊन टाकते. मग भुकटी कालवलेल्या ताज्या रक्तातली एकेक पेशी सूक्ष्मदर्शकाखाली मोजली. शंभरातल्या साठ फुटलेल्या.

हे आधीच करून बघायला हवं होतं. चूक माझी. पण सोमवारी डबे इस्पितळात जाऊ देऊ नका, उघड्या जखमांवर पडणार आहे ती.

मामींना नमस्कार. रागवा, पण उत्तर द्या.

तुमचीच,
भाची

५ मार्च

चि. शंकासूर हिस,
अ. उ. आ.

आशीर्वाद सवयीने लिहिला, मनापासून नाही. शाळेत जायच्या आधी माझ्या मांडीवर बसून पाढे शिकलीस आणि आता मलाच धडे देतेस? दाराची कडी लागली का, हे तीन-तीनदा उठून बघणारी तू. तोच रोग अजून. मी वर्षभर ती पावडर माझ्या हातांनी चाळतोय, माझं काय वाकडं झालं?

डब्यांवर तुझं वाक्य छापून झालंय. सोमवारी डबे जाणार म्हणजे जाणार. पोरगी शिकून वाया गेली असं तुझ्या आईला सांगितलं, ती रडली. आता तोंड उघडलंस तर तुझ्या सरांना भेटून सांगेन, की भाचीने मामाचं काम प्रयोगशाळेत गुपचूप केलं. मग बघू नोकरी कशी टिकते.

लोभ हवा असेल तर गप्प बस.

मामा

७ मार्च

ती. मामांस,
शि. सा. न.

सरांना भेटायचे कष्ट घेऊ नका. काल मीच सगळं सांगितलं. काम गुपचूप केलं होतं हे खरंच आहे. त्यांनी माझ्याकडून प्रयोगशाळेची किल्ली काढून घेतली.

तिथून थेट इस्पितळात गेले. औषधभांडाराच्या बाईंसमोर दोन्ही अहवाल ठेवले, चुकलेला आणि दुरुस्त केलेला. त्यांनी दोनदा वाचले आणि अशी चूक करणारीवर आता का विश्वास ठेवायचा, असं विचारलं. ठेवू नका, स्वतः तपासून घ्या, असं मी म्हणाले. तशी तपासणी होईपर्यंत त्या तुमचा एकही डबा आत घेणार नाहीत.

आई माझ्याशी बोलत नाही. तेवढं तुमच्या मनासारखं झालं. चाळताना तोंडाला फडकं बांधत जा, हे रागातही सांगते.

लोभ मागायला तोंड नाही. पण तेच डबे दुसऱ्या कुठल्या इस्पितळात पाठवलेत, तर तुमच्या टेम्पोच्या आधी मी तिथल्या दारात उभी असेन.

भाची