तुमच्या दिरांची समुद्रातली खोली

जुबैल, सौदी अरेबिया, ७ नोव्हेंबर

ती. मधुमतीवहिनींना सरोजचा नमस्कार.

तुमचा गुडघा आता काय म्हणतोय? भाऊजी सकाळचं फिरणं टाळत नाहीत ना? इकडे आम्ही सुखरूप आहोत. (असं लिहायची पद्धत आहे, आणि हातपाय जागेवर आहेत या अर्थी ते खरंही आहे.) फोन करता आला असता, पण आमच्या फ्लॅटच्या भिंती पातळ आणि हे हल्ली दिवसभर घरात. इथली माझी मैत्रीण दमयंती टिपणीस उद्या सुट्टीवर नाशिकला निघालीय, तिच्या बॅगेतून हे पत्र पाठवतेय. चहा घेऊन बसा, लांबण लागणार आहे.

वर्षभरापूर्वी तुमच्या दिरांनी मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला. कुठल्याशा बर्फाच्या देशात तळं गोठतं, आणि तिथले पुरुष त्यावर लाकडी खोली उभी करतात, आत शेगडी पेटवतात, खालच्या बर्फाला भोक पाडतात आणि गादीवर बसून त्या भोकातून मासे पकडतात. यांनी तो व्हिडिओ अकरा वेळा पाहिला. मग मला म्हणाले, "सरोज, ते लोक थंडी बाहेर ठेवतात, आपण ऊन बाहेर ठेवायचं. इन्सुलेशनला काय कळतंय कुठल्या बाजूला काय आहे!" बावीस वर्षं दुसऱ्यांच्या टाक्यांना आणि पाइपांना इन्सुलेशनची पांघरुणं घातलेला माणूस, त्याला वाटलं आता एक स्वतःसाठी करावं. मी म्हटलं, करा. (आपल्या घराण्यात माशाला कुणी हात लावलेला नाही हे मी विसरले नव्हते. त्यावर यांचं उत्तर तयार होतं: पकडायचा आणि परत सोडायचा. म्हणजे माशालाही उगीच हेलपाटा.)

एका ओळखीच्या वर्कशॉपमागे जागा मिळाली आणि काम सुरू झालं. कुठल्याशा मोडलेल्या कोल्ड स्टोअरेजची पॅनेलं आणली, बाहेरून पत्रा आणि मध्ये वीतभर फोम. दारही त्याच कोल्ड स्टोअरेजचं, असं जड की उघडायला खांदा लावावा लागे. खाली परांचीच्या लोखंडी पायांचे चार खांब, म्हणजे ओहोटीला खोली वाळूत रोवायची, भरतीचं पाणी खालून खेळू द्यायचं आणि जमिनीतल्या दोन भोकांतून गळ सोडायचा. त्यातल्या एका भोकावर झाकण म्हणून माझ्या मोठ्या मोदकपात्राचं झाकण गेलं. (गणपतीत मी मोदक ताटाखाली उकडले. फुटले.) आत खिडकीचा एसी, जुन्या बाजारातल्या लाल-काळ्या मजलिसच्या, म्हणजे अरबी बैठकीच्या गाद्या, किटली, गळ टेकवायला प्लॅस्टिकच्या नळीचे स्टँड, आणि गजाननाची तसबीर. पडदे लावले तेव्हा मी विचारलं, खिडकी उघडत नाही तर पडदे कशाला? म्हणाले, खोली पूर्ण वाटायला हवी.

पहिले सहा महिने हे काम फक्त शुक्रवारी चालायचं आणि गोगलगाईच्या चालीने पुढे सरकायचं. जुलैपासून मात्र एकदम वेग आला. मला त्याचं कौतुक वाटलं, वहिनी. माणूस पहाटे पाचला रास अल खैरच्या प्लांटवर ड्युटीला जातो, मी दिलेला डबा नेतो, संध्याकाळी दमून येतो आणि तरी आठवड्याभरात खोलीला छप्पर चढलेलं असतं. मी बिल्डिंगमधल्या बायकांना सांगत होते, आमच्याकडे बघा, या वयात किती उत्साह! आता त्या बायका माझ्याशी लिफ्टमध्ये फार गोड बोलतात.

ऑक्टोबरच्या शेवटच्या शुक्रवारी उद्घाटन ठरलं. भाड्याच्या पिकअपने खोली ओढत जुबैलच्या उत्तरेला, एका उथळ किनाऱ्यावर नेली. ओहोटी होती, पाणी घोट्याएवढं. पिकअपवाला आणि त्याची माणसं खांब रोवून "असरनंतर येतो", म्हणजे दुपारच्या नमाजानंतर, म्हणून निघून गेली. मी नारळ फोडला. श्रुतीला बळेच आणलं होतं, ती कानात हेडफोन घालून कोपऱ्यात. एसी सुरू झाला, आणि खोटं कशाला बोलू, पंधरा मिनिटांत अशी गार झाली खोली की मी पदर खांद्यावरून घेतला. यांचा चेहरा पाहण्यासारखा होता. लग्नातसुद्धा असा नव्हता.

भरतीचं वेळापत्रक यांनी छापून भिंतीला चिकटवलं होतं. ते सप्टेंबरचं होतं. बाराच्या सुमारास पाणी आलं, आणि जेवढं यायला हवं त्यापेक्षा बरंच जास्त आलं. आधी जनरेटर बुडाला, तो बाहेर खालच्या फळीवर होता. मग चारांतला एक खांब वाळूत रुतला आणि सगळी खोली माझ्या बाजूला कलली. मग मोदकपात्राचं झाकण आपोआप वर उचललं गेलं आणि खालून समुद्र आत आला. गाद्या तरंगू लागल्या. एसी बंद, खिडकी उघडत नाही, आणि यांचं इन्सुलेशन इतकं उत्तम की आमची ऊब बाहेर जाईना. शेवटी खांदा लावून दार उघडलं, तर समोर कमरेएवढं पाणी आणि किनारा पार तिकडे. मला पोहता येत नाही हे तुम्हाला ठाऊक आहेच.

श्रुतीने हेडफोन काढले आणि फोन लावला. शाळेत आठ वर्षं ती कुरकुरत जी अरबी शिकली, ती त्या दिवशी कामाला आली. अर्ध्या तासात किनाऱ्यावरच्या शिपायांची बोट आली. एक पोरसवदा शिपाई होता, अतिशय अदबीचा. आधी मला हात देऊन बोटीत घेतलं, पाण्याची बाटली दिली, मग सगळ्यांचा इकामा, म्हणजे इथल्या रहिवासाचं कार्ड मागितलं. यांचा नंबर त्याने आपल्या फोनवर घातला, वाचला, पुन्हा वाचला आणि यांना काहीतरी विचारलं. यांना तेवढी अरबी येते. पण हे पाण्याकडे बघत राहिले. तेव्हा त्याने श्रुतीला विचारलं.

ती माझ्याकडे वळली. "मम्मा, ही इज सेइंग की बाबांचा फायनल एग्झिट लागलाय. छत्तीस दिवस राहिलेत. ही इज आस्किंग, तुम्हाला माहीत आहे ना?"

फायनल एग्झिट म्हणजे नोकरी गेली, मुदतीत देश सोडायचा. वहिनी, मी काय म्हणाले असेन? मी "हो" म्हटलं. परक्या माणसासमोर दुसरं काय म्हणणार.

नंतर कळलं ते असं. जुलैच्या पहिल्या आठवड्यात साहेबाने बोलावलं, एक कागद वाचून दाखवला, तीन मिनिटं लागली. ज्या मुलाला यांनी दोन वर्षं काम शिकवलं तो आता यांच्या खुर्चीत आहे. (मुलगा वाईट नाही, म्हणे. मला त्याच्या चांगुलपणात रस नाही.) दुसऱ्या दिवशी पहाटे मी हाक मारायच्या आत हे उठून बसले होते, मी डबा भरला, आणि यांच्याने सांगवलं नाही. मग चार महिने सांगवलं नाही. वर्कशॉपमागे बसून पडदे शिवत होते. मी विचारलं, कधी सांगणार होतात? म्हणाले, "खोली पूर्ण झाली की." मी दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी बोलले, ते बिल्डिंगने ऐकलं असावं.

एक सांगायचं राहिलं. बोट निघायच्या आधी त्या शिपायाने खोलीत डोकावून पाहिलं, भर उन्हातही गार राहिलेल्या आतल्या भिंतीवर तळहात ठेवला आणि "बारिद, वल्लाह!" म्हणाला, म्हणजे काय गार आहे बघा. मग यांना विचारलं, माझ्या मामाला अशी एक करून द्याल का? चार महिन्यांत यांनी साठ-सत्तर ठिकाणी अर्ज केले होते, एकाचं उत्तर नाही. नोकरीचं एवढंच विचारणं आलं, तेही छत्तीस दिवस उरल्यावर, कमरेएवढ्या पाण्यात. हे हसून "इन्शाअल्ला" म्हणाले. ते हसू मला परत बघायचं नाही.

खोली तीन ओहोट्यांत कशीबशी बाहेर काढली. वर्कशॉपचा मालक त्यात आता कांदे ठेवतो, चांगले टिकतात म्हणे. नाशिकचे आहेत का ते मी विचारलं नाही.

भाऊजींना नमस्कार.

तुमची,
सरोज

ता.क. आता ज्यासाठी लिहायला बसले ते. आमच्या गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये तुमचा निमिष आणि सूनबाई सुरुची राहतात, आणि "आम्ही काय आणखी दहा वर्षं येत नाही" असं मीच त्यांना सांगितलं होतं. एक डिसेंबरपर्यंत जागा लागेल. त्यांनी स्वयंपाकघर नवीन करून घेतलंय हे मला ठाऊक आहे. चार पानं तुम्हाला हसवून मग हे लिहावं असं ठरवलं होतं, पण मध्येच मला जमेनासं झालं. श्रुतीची अकरावी अर्ध्यावर आहे, तिच्यासाठी शाळेचीही चौकशी करा.

ता.क. २. हे रविवारी भाऊजींना फोन करतील. मी लिहिलंय हे त्यांना कळू देऊ नका. तीन दिवस न्हाणीघरात नळ सोडून तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणून बघतायत, "दादा, मी परत येतोय." सुरुवातीला हवापाण्याचं बोलतील, क्रिकेटचं बोलतील, बराच वेळ मुद्द्यावर येणार नाहीत. भाऊजींना म्हणावं, फोन ठेवू नका. आणि ते वाक्य आलं, की मध्येच तोडू नका. पूर्ण बोलू द्या.