‘पाहुणे’ ही नोंद खोडून नवऱ्याचे नाव लावणेबाबत

प्रति,
मा. कक्ष अधिकारी,
परदेशस्थ नागरिक मदत कक्ष,
कोल्हापूर.

विषय : सौ. संयोगिता इंगवले यांचा ‘पहिला संपर्क’ म्हणून अर्जदार पतीची नोंद होणेबाबत.

संदर्भ : आपल्या कक्षाचा दि. ११ नोव्हेंबरचा दूरध्वनी.

महोदय,

दि. ११ रोजी सायंकाळी सव्वासहा वाजता आपल्या कक्षातून उचगाव येथील माझ्या घरी फोन आला. तो राजवर्धन देसाई यांनी उचलला.

१. माझी पत्नी संयोगिता शिक्षिका असून प्रशिक्षणासाठी परदेशात आहे. त्या देशात दहशतवादी हल्ल्याचा इशारा जाहीर झाल्याने आपण तेथील कोल्हापूरकरांच्या घरी चौकशी करत होता. मी आमच्या दैनिकाच्या कचेरीत होतो. राजवर्धन हे शेजारी. माझ्या आईला, म्हणजे आक्कांना, व्हिडिओ कॉल लावून द्यायला आले होते. आपल्या लिपिक पद्मजा मॅडम यांनी “कोण बोलताय?” असे विचारले. राजवर्धन म्हणाले, “पावणं हाय जी.” मागून आक्का म्हणाल्या, “त्यांचाच नंबर घ्या. आमचा यशराज पेपर छापायला गेल्याबिगर फोन उचलत न्हाय.” त्यावरून आपल्याकडे ‘नाते : पाहुणे’ अशी नोंद झाली.

२. आपल्या जिल्ह्यात रस्ता विचारणाऱ्या अनोळखी माणसालाही पावणं म्हणतात. हे मी समक्ष येऊन सांगितले असता मॅडम म्हणाल्या, “पावणं म्हंजे पै-पावणंच की. शेजारी असा रकाना आमच्याकडं न्हाय.” या शब्दाचा आणखी एक अर्थ मुलगी बघायला येणारे असा आहे. त्या अर्थाने राजवर्धन हे संयोगिताच्या माहेरी, गडहिंग्लजला, माझ्या आधी एकदा पाहुणे होते. ही वस्तुस्थिती आहे. ते पोहे खाऊन परत गेले, हीही वस्तुस्थिती आहे.

३. दि. १४ रोजी तिच्या हॉटेलजवळच्या स्थानकात बेवारस बॅग सापडली. संयोगिता सुखरूप असल्याचे आपण तातडीने कळवले, परंतु राजवर्धन यांना. मला ते कळेपर्यंत आमच्या पहिल्या पानावर ‘उचगावच्या शिक्षिकेशी संपर्क नाही’ ही बातमी माझ्याच हातून छपाईला गेली होती. त्या वेळी सदर शिक्षिका चहा घेत होत्या व हे माझ्या शेजाऱ्यास ठाऊक होते.

४. राजवर्धन यांनी त्या देशात तीन वर्षे नोकरी केली आहे. संयोगिता निघण्यापूर्वी त्यांनी तिला सूचना दिल्या. गर्दीत जाऊ नये. हॉटेलात दाराजवळची खुर्ची घ्यावी. पासपोर्टची प्रत वेगळी ठेवावी. पोलीस सांगतील ते ऐकावे. अंगावर उठून दिसणारे दागिने नसावेत. सूचना योग्य आहेत. मी स्वतः त्या चौकट करून छापल्या आहेत. मात्र त्यानुसार तिने मंगळसूत्र काढून कपाटात ठेवले. तीच सूचना मी दिली असती तर माझी हरकत नव्हती.

५. आपण त्या क्षणी कोठे आहोत, हे फोनवरून एकाच विश्वासू माणसाला दिसू द्यावे, अशीही सूचना होती. तो एक माणूस राजवर्धन आहेत. मी फोनवर कारण विचारले. संयोगिता म्हणाली, “तुम्हाला सांगितलं की दुसऱ्या दिवशी पेपरात. हॉटेलचं नाव छापलंत, वर मजलासुद्धा! इथं आम्हाला खिडकीत उभं राहू नका म्हणतात.” सदर बातमी तपासून घेतली. मजला अचूक होता.

६. हल्ली आक्का रोज त्यांना चहाला बोलावतात व “आमची सून कुठं हाय वो आत्ता?” असे विचारतात. ते नकाशा उघडून “भाजी घेतीया बघा” असे सांगतात. मी तेथेच बसलेला असतो. काल म्हणाले, “यशराजराव, बघायचं का?” मी नको म्हणालो.

तरी विनंती की, ‘पाहुणे’ ही नोंद रद्द करून त्या जागी ‘पती’ असे लिहावे व यापुढील प्रत्येक फोन मला करावा. मी तो उचलीन. अंक अडला तरी उचलीन. कक्षास याबाबत हमीपत्र हवे असल्यास देण्यास तयार आहे.

आपल्या फोनजवळ बसलेला,
यशराज बाळासो इंगवले
उचगाव, ता. करवीर
दि. १८ नोव्हेंबर

सोबत : विवाह नोंदणी प्रमाणपत्राची प्रत, दि. १५ ची बातमी व दि. १६ चा खुलासा, कात्रणे.

ता. क. : अर्जावर सही करताना वृत्तसंस्थेची ओळ आली. त्या शहरातील मुख्य बाजार पोलिसांनी रिकामा केला आहे. कारण दिलेले नाही. संयोगिताचा फोन लागत नाही. राजवर्धन यांचा लावला. तो व्यस्त आहे.