मंडईतली लाल गाडी

साकोली, बुधवार, दिवेलागण

घर्रर्र... घर्रर्र. सारवलेल्या खळ्यावर चाकं जागच्या जागी फिरायची, तो आवाज अजून कानात आहे. रिमोटची ती लाल खेळण्यातली गाडी माझा मित्र वसंता आणि मी चाळीस वर्षांपूर्वी नागपूरहून आणली. खळ्यावर ती घसरे. मग मी सायकलची जुनी ट्यूब कापून मागच्या चाकांवर चढवली. ओठांत शाळेतली कविता होती, तिच्या तालावर कात्री चालली. पट्ट्या एकसारख्या निघाल्या त्या त्यामुळेच, असं मला अजून वाटतं.

आज एकोडीच्या मंडईत, दिवाळीनंतरच्या जत्रेत, वसंताने गाडी पळवली. काय पळाली. लोकांनी विचारलं तर म्हणतो, "ट्यूब मीनंच चढवली जी. डोकं लागते त्याले." मी दोन हात अंतरावर उभा. कोणीतरी माझ्याकडे बोट केलं. वसंता हसला. "गुरुजी? हे तं नुसते पाहाले येतेत."

नुसते पाहायला. त्या पट्ट्या मी... जाऊ दे. मला श्रेय हवं होतं का? बहुतेक नाही. मग परतताना बसमध्ये डोळे का भरले? चाळीस वर्षं एका वाक्यात पुसली त्याने. डोळे मिटले की त्या पट्ट्याच दिसतात.

इथवर लिहिलं आणि कडी वाजली. वसंता असेल तर आत घ्यायचं नाही, असं ठरवून दार उघडलं. त्याची बायको होती, एकटी. या घरी ती कधीच आली नव्हती. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "गुरुजी, आजवर हे घरी ट्यूबचं खोटं बोलले, मी ऐकून घेतलं. आज मंडईत बोलले. मले लाज वाटली."