कापलेलं पान

८ सप्टेंबर २००३, सनीव्हेल
मिळालं बाई काम! पगार नाही, माझ्या व्हिसावर तो घेताच येत नाही. पण दोन वर्षं अपार्टमेंटच्या भिंतींशी गप्पा मारून झाल्या, आता फुकटसुद्धा चालेल. क्युपर्टिनोच्या नरेंद्रकाकांकडे, म्हणजे एका रिटायर्ड डॉक्टरांकडे, जुन्या चर्चमधल्या गाण्यांची हाताने लिहिलेली पानं आहेत. पाचशे वर्षांपूर्वीची, कातड्याची, दीड हात उंच. चार तांबड्या रेघा, त्यांवर काळे चौकोनी सूर, आणि पहिलं अक्षर सोन्याचं, आत निळ्या वेली. मी यादी करायची, फोटो काढायचे. निमिष म्हणाला, यार, नवऱ्याला डबा नाही आणि चर्चची सेवा! म्हणू दे. अनुष्का शाळेत गेली की मी मोकळी.

१० सप्टेंबर
कांचनकाकू दिसत नाहीत, ऐकू येतात. शेजारच्या खोलीत सलग एकच चाल गुणगुणतात. काका म्हणाले, सोळा वर्षं झाली, बोलत मात्र नाही ती. वाईट वाटलं. पण चाल काय गोड आहे! भिंतीवरच्या सहाव्या पानावर चौकोन वर-खाली जातात तशी ताडून पाहिली, तीच. विकणाऱ्याने पुस्तक कापून एकेक पान वेगळं विकलं, म्हणून तळाशी शब्दही अर्धा आणि सूरही. काकू तिथवर येतात आणि पुन्हा पहिल्यापासून.
घरी अनुष्काला झोपवताना मलाच डुलकी लागली, ओवी अर्धी राहिली. पोरीने ती बरोब्बर तिथून उचलली. एरवी मराठीत विचारलं तर उत्तर इंग्लिशमध्ये, पण गाणं मात्र माझंच घेतलंय. पापाच घेतला.

१५ सप्टेंबर
काकूंना ठसका लागला, ओळ मधेच तुटली. मी विचारही केला नाही. बारा वर्षं आमच्या गाण्याच्या बाईंच्या मागे तानपुरा घेऊन बसले, तेव्हा हेच शिकले: बाईंचा श्वास तुटला की ओळ आपण उचलायची, पडू द्यायची नाही. उचलली.
काकू बाहेर आल्या आणि चक्क बोलल्या! पाणी मागितलं, रडल्या, मग माझे पाय धरले. माझे! अहो काकू, हे काय, म्हणायला मी तोंड उघडलं. शब्द आलेच नाहीत, तीच चाल आली.

१६ सप्टेंबर
थांबत नाही. ओठ मिटले तर नाकातून येते. तळाशी पोचते, पुढे सूर नाही, जीव घुसमटतो आणि परत ते सोन्याचं अक्षर. बोलता येत नाही, म्हणून निमिषला लिहून सांगितलं. आधी हसला, मग चिडला, आता घाबरलाय. डॉक्टरने झोपेच्या गोळ्या दिल्या. झोपेतही गातेच म्हणे.

१८ सप्टेंबर
काकांना कागदावर विचारलं, काय केलंत हे? नजर देईनात. ज्या बाईकडून पान घेतलं, तीही गुणगुणत होती म्हणे. तिचा श्वास तुटला आणि काकूंनी उचलली. काकांना सूर नाही, त्यांनी उचलली तरी ती त्यांना धरत नाही. चाल पुरी करणारं पुढचं पान सापडेना, म्हणून गाणारी बाई शोधली. मी!
काकूंनी खाली मान घालून विचारलं, तुझ्या घरी कोणी गातं का गं?
मेल्यांनो!

१९ सप्टेंबर
अनुष्काला शेजारच्या रेखाताईंकडे ठेवायला लावलं. निमिषला वाटतं मी वेडी झाले. वाटू दे. श्वास तुटला तर ती जवळ नको.

२२ सप्टेंबर
घसा सोलला. मनात आलं — तिला बोलवावं, ओळ सोडून द्यावी, मी सुटेन —
थू माझ्यावर.

२४ सप्टेंबर
निमिषने तिला परत आणलं. रडत होती म्हणे. मी आतून कडी लावलीय. ती दाराला टेकून बसलीय, मॉमी, मॉमी —
खोकला येतोय. दाबते —

दुपारी
तुटली. एकच क्षण. आणि दाराबाहेरून, बरोब्बर तिथूनच —
माझा गळा मोकळा. कडी काढली, ओरडले, अनु, गप्प! गप्प बस गं! डोळे माझ्याकडे, ओठ मात्र —
निमिष रडतोय. मी नाही. मी तिच्या मागे बसलेय, बाईंच्या मागे बसायचे तशी. इवलासा श्वास तिचा. तुटेल. आत्ता तुटेल. तुटला की मी लगेच —