आभाळातून उतरणारे पोलीस

शिरूर कासार,
१० फेब्रुवारी १९८७

चि. सुग्रीव यास मनकर्णाअक्काचे पोटभरून आशीर्वाद.

आमी खुशाल हाव. अर्धं गाव ऊसतोडीला गेलंय. मायला घेऊन आमी सोसायटीच्या चारा छावणीत, गुरांपाशीच राहतो. टँकर आला तर पाणी.

फौजेतला धर्मराज सुट्टीवर आलता. तुमची पोलीस तुकडी विमानातून उड्या मारती, असं त्यानं मायला सांगून टाकलं. तवापासून नोकरी सोडून ये म्हणून तिचा धोशा हाय. मलाबी लई नवल वाटतं. चोर असतो जमिनीवर, मग पोलिसानं आभाळात कावून जायचं? हे खूळ कुणी काढलं? खऱ्या कामाला कधी उडी घेतली का? खरं ते लिही, मी मायला वाचून दाखवते.

माया पातळ होऊ देऊ नको.
तुझी अक्का

२६ फेब्रुवारी १९८७

ती. अक्कास सुग्रीवचा दंडवत. मायच्या पायांवर डोकं.

काही वर्षांमागं इकडं उत्तरेच्या बर्फाळ डोंगरात बंदूकवाल्यांनी एक बस अडवून माणसं कोंडली. रस्ता दरडीनं बंद. पोलीस चालत पोचले तवर सगळं संपलं होतं, एकबी माणूस वाचला न्हाई. त्यावर आमच्या तुकडीचे मुख्य त्रिंबकसाहेब यांनी हट्टच धरला, की पोलिसांनाबी फौजेवानी हवाई छत्रीनं विमानातून उतरता आलं पाहिजे. फौजवाले हसले. पन्नाशीला टेकलेले साहेब आग्र्याला फौजेच्या छत्रीच्या शाळेत शिकायला गेले, पहिल्याच उडीत पाय मोडून घेतला, अन् कुबड्यांवर उभं राहून आमाला शिकवलं.

मग वर्षानुवर्षं नुसता सराव. खरं काम एकदाच पडलं, गेल्या महिन्यात. बर्फानं वाट बुजलेली, अन् एका शाळेत बंदूकवाल्यांनी मास्तर अन् लेकरं ओलीस धरलेली. आमी पहाटे मागल्या उतारावर उतरलो. मी झाडात लटकलो, त्यामुळं शेवटी पोचलो. मागून पोलीस येतील हे बंदूकवाल्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. बंदुका टाकल्या त्यांनी. लेकरं सगळी जिवंत घरी गेली.

विमानाच्या दारात पाय लटपटतात, हे मायला वाचायचं का न्हाई, तू ठरव.

लोभ हाय तसाच राहू दे.
सुग्रीव

शिरूर कासार,
९ मार्च १९८७

चि. सुग्रीव, तुला उदंड आयुष्य.

मी सगळं वाचलं, लटपटणारे पायबी. तू झाडात लटकलास ते ऐकून माय हसली. मग तिनं इचारलं, की त्या अडवलेल्या बसमध्ये जीव गेलेल्यांच्या मायांना कुणी कळवलं का, की त्यांच्या लेकरांपायी ही लेकरं वाचली?

साहेबांना इचार. कुणी कळवलं नसंल तर तू जाऊन सांगून ये, असा तिचा निरोप हाय. नोकरी सोडायचं ती आता बोलत न्हाई.

अक्का